टोरानाच्या खालचा आवाज

मेलबर्नच्या बॅलरट रोडवरच्या सिग्नलला टोराना गाडी सरकत सरकत येऊन थांबली, तेव्हा उजव्या हाताला एक पाठ उघडी असलेली कामाची गाडी होती. मागे शिड्या, रंगाचे डबे. आतल्या पोरगेल्या रंगाऱ्याने टोरानाकडे पुढून मागपर्यंत नजर फिरवली. लॉरेटा शुएरेबला त्या नजरेची सवय होती. नारिंगी रंगाची, दोन दारांची, चौऱ्याहत्तर सालची गाडी आणि तिच्या स्टीअरिंगमागे साठी उलटलेली, केस घट्ट बांधलेली बाई, म्हणजे माणसं बघणारच. तिने काच खाली केली, कारण अशा वेळी लोक काहीतरी गोड बोलतात आणि ते ऐकायला तिला आवडायचं. तो म्हणाला, "झकास ठेवलीय हं गाडी!" आणि मग पुढे काहीतरी म्हणाला. लॉरेटा हसली, मान हलवली. त्याने पुन्हा तेच म्हटलं. तिने पुन्हा मान हलवली. तेव्हा त्याने हात बाहेर काढून आपल्याच दारावर मुठीची हाडं आपटली, टक, टक, टक, आणि बोट टोरानाच्या पोटाखाली दाखवलं. "खालून, मावशी! टकटकतंय!" सिग्नल हिरवा झाला, आणि तो गेला.

मागच्याने हॉर्न वाजवला असावा, कारण आरशात एक माणूस हात नाचवत होता. तिने गिअर टाकला. पहिला, दुसरा, तिसरा. काच उघडीच ठेवली, रेडिओ बंद केला. इंजिन ऐकू येत होतं, भरदार, गळ्यातल्या गळ्यात बोलणारं. वारा ऐकू येत होता. टकटक नव्हती. तिने रस्त्याकडेला गाडी घेतली, पुन्हा सोडली, पुन्हा थांबवली. काही नाही. त्याला काय कळतंय, ती स्वतःशी म्हणाली, भिंती रंगवणाऱ्याला. आणि तरी तिला काहीतरी बोचत होतं, ते टकटकीमुळे नव्हतं. ते आपल्या मान हलवण्यामुळे होतं. तशी मान तिने आधी पाहिली होती. हसरी, समजूतदार, काहीही न ऐकलेली. ती तिच्या बापाची मान होती.

कार्मेनु, तिचा बाप, माल्टाच्या गोदीत जहाजांच्या पत्र्यांना रिव्हेटचे खिळे ठोकायचा. मेलबर्नला आला तेव्हा चाळिशीचाही नव्हता, पण कान त्याने तिकडेच बंदरात ठेवले होते. जेवायच्या टेबलावर सगळे त्याच्याशी ओरडून बोलायचे आणि थोड्या दिवसांनी बोलायचेच नाहीत. तो मात्र बसल्या जागी हसत राहायचा, कोणाच्याही बोलण्याला मान हलवायचा. पाव वाढू का? मान. आज्जी गेली, तार आलीय. मान, आणि हसू, आणि मग आईचा चेहरा पाहून हसू विझत जायचं, हळूहळू, दिव्यातलं तेल संपल्यासारखं. लॉरेटाला त्या हसण्याची लाज वाटायची. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की ती त्यांना परसात न्यायची. आपले कान मात्र लख्ख आहेत याचा तिला तेव्हापासून अभिमान. विजेचं बिल भरायला गेलं तरी खिडकीमागे दोन बायका काय कुजबुजतात ते तिला कळायचं.

आणि त्या कानांनीच तर तिला नाव दिलं. शिलाईच्या कारखान्यात शंभरेक मशीनं एका छपराखाली धावायची. कारखाना बंद पडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं, ती तिथे होती. त्या गदारोळात आपल्या मशीनची सुई बोथट व्हायला लागली की तिला आधी आवाजात कळायचं, कापडावर मागून. दुरुस्तीवाला यायचा, तिला विचारायचा, "लॉरी, आज कुठलं रडतंय?" ती चालत चालत जायची आणि एका मशीनवर हात ठेवायची. गाड्यांचंही तेच. टोराना तिने बाविसाव्या वर्षी घेतली, एका खाटकाच्या पोराकडून, इंजिनातून धूर निघत असताना. धूर का निघतो हे विचारायला गेली तर गॅरेजवाल्याने विचारलं, "तुझा नवरा कधी येईल?" तेव्हा तिला नवरा नव्हता. तिने दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक घेतलं आणि इंजिन उघडलं. नंतर एकेक करत सगळं तिच्या हातून गेलं. पुढच्या चाकांचे ड्रमब्रेक काढून नंतरच्या मॉडेलचे डिस्क बसवले. चार गिअरांचा डबा जाऊन पाच गिअरांचा आला, त्यासाठी गाडीच्या तळाचा, डबा बसतो तो बोगद्यासारखा पत्रा ठोकून रुंद करावा लागला. सीटा उसवून तिने स्वतःच्या मशीनवर नव्याने शिवल्या, आणि त्यांच्या शिवणीवरून बोट फिरवताना जुन्या गाड्यांच्या क्लबातले दांडगे पुरुष गप्प व्हायचे. त्याच क्लबात तिच्या कानाची ख्याती झाली. शनिवारी कोणी ना कोणी बॉनेट उघडून म्हणायचं, "लॉरी, जरा ऐक ना." ती डोळे मिटून उभी राहायची. "तिसरा सिलिंडर. व्हॉल्व्हची फट." उघडून बघावं तर तिसराच. पुरुष माना डोलवायचे. ती खांदे उडवायची, जसं काही त्यात विशेष नाही, आणि घरी येईपर्यंत सबंध रस्ता गाणं म्हणायची.

घरी झारेन, तिचा नवरा, टोमॅटोच्या वाफ्यात होता. एप्रिल लागला होता, तिकडची थंडी तोंडावर आली होती आणि शेवटची फळं तो एकेक करून उतरवत होता. मऊ मनाचा, हळू बोलणारा माणूस. हल्ली फारच हळू बोलतो असं तिचं म्हणणं होतं. तो काहीतरी बोलला. तिने मान हलवली, आणि हलवता हलवता मध्येच थांबवली.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, जेवणार का आधी?"

"नंतर. गाडीखाली जायचंय."

"का? काय झालं?"

"काही नाही. उगाच."

जॅक लावला, स्टँड ठेवले, पुठ्ठा पसरून ती पाठीवर आत सरकली. वय झालं म्हणतात ते इथे कळतं, सरकताना. पण एकदा आत गेलं की तिला तिथे बरं वाटायचं, पलंगाखाली लपलेल्या मुलाला वाटतं तसं. ग्रीसचा, रस्त्याच्या धुळीचा, कोमट लोखंडाचा वास. प्रत्येक नट तिच्या हाताखालून गेलेला. तिने सायलेन्सर हलवून पाहिला. त्याला टांगणारं मागचं रबर चिरलं होतं. सापडलं! तिला इतका आनंद झाला की ती तिथेच आडवी पडून हसली. रबर! एवढंसं रबर, आणि केवढी घाबरलीस. कपाटात नवीन होतं, ते तिने चढवलं, गाडी खाली उतरवली आणि गल्लीला एक फेरी मारली. टकटक नव्हती. मग फेरी संपवून वळताना, कोपऱ्यावरच्या पाववाल्याच्या दुकानापाशी, तिला कळलं की टकटक आधीही नव्हती. तिच्यापुरती. इंजिन चालू ठेवून ती तशीच बसून राहिली. आयुष्यभर तिने शांततेवर भरवसा ठेवला होता. आवाज नाही म्हणजे दोष नाही. आता शांतता काहीच सांगत नव्हती. दुकानातून एक बाई गरम पास्तिझींची, माल्टाच्या खुसखुशीत पॅटिसांची पिशवी घेऊन बाहेर आली, लॉरेटाकडे बघून हसली, ओठ हलवले. डोक्यावरून एक विमान खाली उतरत गेलं, पोट दिसावं इतकं खाली. त्याची सावली बॉनेटवरून सरकली तेव्हाच तिने वर पाहिलं. परवाच ती झारेनला म्हणाली होती, हल्ली विमानं कमी झालीत नाही. आणि झारेन तिच्याकडे बघत राहिला होता.

तिने गाडी घराशी आणली. खिडकीतून म्हणाली, "झारेन, फाटकापाशी उभा राहा. मी इथून जाते, परत येते. खालून टकटक येते का सांग." हे एवढं बोलायला तिला आख्खी गल्ली ओलांडावी लागली होती, असं तिला वाटलं. तो हात पुसत आला. ती गेली, आली. तो अजून हातच पुसत उभा.

"अरे बोल की! येते का?"

"येते," तो म्हणाला. नेहमीपेक्षा मोठ्याने, तिच्या तोंडाकडे बघत. "कधीची येतेय, लॉरी. महिना तरी झाला."

"महिना!" ती दार उघडून बाहेर आली. "आणि तू गप्प बसलास? मी रोज या गाडीतून फ्रीवेवर जाते, मेले असते तर?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे. तुझी गाडी. मी तुला काय सांगणार?" तो कसंनुसं हसला. "एकदा म्हणालो होतो, की ब्रेक जरा ओरडतात. तेव्हा तू म्हणालीस, तू टोमॅटो बघ."

तिला ते आठवलं. तिला तिचा तो स्वरही आठवला. ती बॉनेटला टेकली. ऊन तिरपं झालं होतं आणि नारिंगी रंगात तिचं आणि झारेनचं प्रतिबिंब वाकडंतिकडं दिसत होतं, एक बुटकं, एक लांब.

"आणि माझे कान?" तिने विचारलं. "तेही माहीत होतं?"

"तेही." तो म्हणाला, "तू विचारशील म्हणून थांबलो. तू कधी काही विचारत नाहीस गं."

ती रागाने काही बोलणार होती, पण राग कोणावर काढावा हे तिला सापडेना. झारेनवर? त्याने तर वर्षानुवर्षं तिला हवं तसंच वागवलं होतं. तिला वाटत आलं होतं की आपण आपल्या घरच्यांना काही ऐकू न येणाऱ्या बापासारखं ओरडायला लावलं नाही. खरं तर आपण त्यांना गप्पच केलं होतं, आणि तेही चांगले कान असताना. बाप निदान हसायचा. ती झारेनकडे पाठ करून पुन्हा जॅकजवळ गेली. त्याने विचारलं, "मी काही धरू का?" एरवी ती नको म्हणाली असती. "बॅटरीचा उजेड धर," ती म्हणाली. "आणि हलवू नकोस."

चारही चाकं जमिनीवरून उचलून ती आत गेली आणि तिने डोळे मिटले. कान लावायच्या जुन्या सवयीने मिटले, आणि मग लक्षात आलं की ऐकायचं नाहीये. तेव्हा तिला बाप दिसला, गाडी घेतली त्या दिवसाचा. घराच्या दारात ती ओरडली होती, "पपा, मी गाडी घेतली!" आणि त्याने नेहमीसारखी हसून मान हलवली होती. तिने त्याला दंडाला धरून रस्त्यावर आणलं. गाडी धूर सोडत उभी होती. तो बराच वेळ बघत राहिला. मग पुढे झाला आणि चालू इंजिनाच्या बॉनेटवर त्याने तळहात ठेवला, पसरून, जसं तापाच्या पोराच्या छातीवर ठेवावा. मग दुसरा हात. हसू कुठल्या कुठे गेलं होतं. ते नुसतं ठेवून दिलेलं हसू गेलं आणि खाली एक कामाचा माणूस दिसला, जो तिने कधी पाहिलाच नव्हता. "एक सिलिंडर काम करत नाही," तो म्हणाला होता. "पण हाडं चांगली आहेत. ठेव." तेव्हा तिला गंमत वाटली होती. आज, पाठीखाली पुठ्ठा आणि तोंडावर बॅटरीचा उजेड घेऊन, तिने गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा दोन्ही हातांत धरला आणि तळहातांना विचारलं. पुढच्या टोकाला पिळला, मागेपुढे. घट्ट. मागच्या टोकाला सरकली, पिळला. आणि तिथे, जिथे दांडा सांध्याने मागच्या चाकांमधल्या डब्याला जोडलेला असतो, तिथे काहीतरी हललं. अगदी थोडं, पडायला आलेला दात जिभेने हलतो तसं. तिने पुन्हा पिळलं. हाताच्या हाडांतून कोपरापर्यंत बारीक ठोका आला. टक. तिने तो ऐकला नव्हता. पण इतका स्वच्छ आवाज तिला गेल्या कित्येक महिन्यांत आला नव्हता.

"क्रॉस गेलाय!" ती आतून ओरडली. "मागच्या सांध्यातला क्रॉस! बघ, सांध्याच्या कडेला तांबूस पूड आलीय. ग्रीस वाळून गेलं आतलं."

"म्हणजे वाईट?"

"म्हणजे अजून थोडी चालवली असती तर हा दांडा रस्त्यावर पडला असता. वाईटच!" तिचा आवाज इतका आनंदी होता की झारेन बॅटरी धरून हसायला लागला.

नवा क्रॉस आणायला ती गेली नाही. बेरोला फोन लावला. बेरिस्लाव हा क्लबातला सर्वांत जुना माणूस, क्रोएशियाचा, घशात दगड घोळवल्यासारखा बोलणारा, आणि त्याच्या पडवीत अर्ध्या टोरानाचे सुटे भाग कायम पडलेले. तो स्वतःच घेऊन आला, डबी टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच म्हणाला, "बरं झालं बोलावलंस. शनिवारी माझ्या गाडीचं जरा ऐकून जा. वरून काहीतरी चिवचिवतंय."

लॉरेटाने डबी हातात घेतली. झारेन स्वयंपाकघरात पावाला टोमॅटो चोळत होता, त्याची पाठ थांबली.

"बेरो, मला आता ऐकू येत नाही," ती म्हणाली. "आधीसारखं नाही येत. तुझं चिवचिव मला कळणार नाही."

बेरोने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

"म्हटलं, ऐकू येत नाही मला!"

"मग एवढं ओरडतेस कशाला?" तो म्हणाला. "अगं, आमच्यात कोणाला येतं? मला इंजिन चालू आहे की बंद हेही बघून कळतं. म्हणून तर सगळे तुझ्याकडे यायचो." त्याने पाव उचलला, तोंडात कोंबला, आणि खूप वेळ चावत राहिला. मग म्हणाला, "मंगळवारी मी जातो कानांच्या डॉक्टरकडे. बायको मागे लागलीय. चल तूही. दोघं बहिरी एकत्र बसू, तिथली बाई नाव पुकारेल ते कोणालाच कळणार नाही."

झारेनच्या पाठीवर हसू दिसलं, खांदे हलले त्यावरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दांडा उतरवला. उतरवण्याआधी दांडा आणि तो जिथे बसतो ती मागची तबकडी, दोन्हींवर शिंप्याच्या खडूने एक सरळ रेघ मारली, म्हणजे परत लावताना तीच जागा यावी. नाहीतर गाडी थरथरते. खडू अजून तिच्या खिशात असायचा, काही शिवत नसली तरी. शिकंज्यात सांधा धरून तिने जुना क्रॉस दाबून बाहेर काढला. आतल्या वाटीतून सुया पडल्या, बारीक पोलादी सुया, गंजून लाल झालेल्या, काही तर निम्म्या झिजलेल्या. नव्या वाटीत त्या गोल उभ्या असतात, ग्रीसच्या जोरावर, एकमेकींना खेटून, आणि एक जरी आत आडवी झाली तर सांधा पुन्हा महिन्याभरात मरतो. पुरुष इथे हातोडा मारतात आणि शिव्या देतात. लॉरेटाने बोटाच्या टोकाने प्रत्येक सुई चाचपली. आयुष्यभर सुया मोजलेल्या, ओवलेल्या, मोडलेल्या बोटांना ते काम इतकं ओळखीचं होतं की तिला घाई करावीशीच वाटेना. वाटी बसली. दुसरी बसली. अडकवायच्या कड्या आपापल्या खाचेत गेल्या, आणि तो कट् असा बसल्याचा धक्का अंगठ्याला कळला. तिने सांधा हलवला. लोण्यात फिरावा तसा फिरला. हात काळे, गुडघे दुखतायत, केस सुटलेत, आणि तिला वाटलं, हे मी अजून करू शकते. आवाज असो नसो. मग लगेच वाटलं, करू शकते हे खरं, पण काल कोणाला तरी विचारलं म्हणून. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या होत्या आणि एकीने दुसरी छोटी होत नव्हती. हे तिला नवीन होतं.

रेघ रेघेला जुळवून दांडा चढला. झारेन फाटकापाशी गेला. ती गाडी घेऊन गेली, आली. त्याने डोकं वाकडं करून ऐकलं, पुन्हा जा म्हणून हात केला, पुन्हा ऐकलं. एखादा न्यायाधीश असावा असा चेहरा.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही. गुळगुळीत."

"नक्की?"

"नक्की. मला टोमॅटोतलं कळतं तेवढं यातलं कळत नाही, पण टकटक कळते."

तिने इंजिन बंद केलं नाही. ती दार उघडून उतरली आणि दार तसंच धरून उभी राहिली. "बस," ती म्हणाली.

"कुठे?"

"इथे. स्टीअरिंगमागे. तू चालव."

झारेनने गाडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. लग्नाआधी एकदा त्याने ही गाडी मागे घेताना सासऱ्याच्या फाटकाच्या खांबाला घासली होती. त्यानंतर तो डाव्या बाजूला बसत आला होता, कधी तक्रार न करता. "काही बिघडलं तर?"

"मग मी आहे ना," ती म्हणाली. "चाळीस वर्षं ही गाडी चालवतेय. ती रस्त्यावरून जाताना कशी दिसते, मी एकदाही बघितलेलं नाही. मी नेहमी आतच."

तो बसला. सीट मागे सरकवायला त्याला वेळ लागला. क्लच सोडताना गाडी एकदा दचकून बंद पडली, पुन्हा चालू झाली. मग नारिंगी टोराना फाटकासमोरून निघाली आणि लॉरेटा पदपथावर उभी राहिली, काळे हात अंगापासून दूर धरून. गाडी कोपऱ्यापर्यंत लहान होत गेली, वळली, आणि थोड्या वेळाने समोरून येताना दिसली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ती बुटकी होती. रुंद, जमिनीला धरून, पुढची चाकं किंचित आत वळलेली, रागावलेल्या बोकडासारखी. सकाळचं ऊन दाराच्या कडेवर धावत होतं, तिने घासून घासून सरळ केलेल्या कडेवर, आणि ती रेघ पुढून मागपर्यंत कुठे वाकत नव्हती. समोरच्या घरातली बाई कचऱ्याचा डबा ओढता ओढता थांबली. गाडी जवळ आली तशी लॉरेटाला ती पायांतून कळली, तळव्यातून पोटरीत चढणारी एकसारखी घरघर, कुठे खंड नाही, कुठे ठोका नाही. ही मी केली, तिच्या मनात आलं, हा प्रत्येक नट, ही शिवण, हा रंग. आणि किती देखणी झालीय, मला कोणी सांगितलं कसं नाही? मग तिला आठवलं की लोक सांगतच होते, सिग्नलला, पेट्रोल भरताना, क्लबात. ती फक्त आतून ऐकत होती.

झारेन थांबेल म्हणून ती पुढे झाली. झारेन थांबला नाही. तो तिच्या समोरून गेला, दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून, मान ताठ, आणि चेहऱ्यावर असा काही आनंद की तिने तो लग्नातही पाहिला नव्हता. गाडी पुन्हा कोपऱ्याकडे निघाली, तिसऱ्याच गिअरमध्ये, गुदमरत, तरी चालत.

"अरे दुसरा टाक, दुसरा!" लॉरेटा हात उंचावून ओरडली. "इंजिन मारशील माझं, मेल्या! दुसरा!"

समोरची बाई हसू लागली. कोपऱ्यावर ब्रेकचे दिवे लागले, गिअर खरखरून पडला, आणि टोराना वळून दिसेनाशी झाली. लॉरेटा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, ती परत येईल त्या बाजूला तोंड करून.